बिस्किटांच्या डब्यावरची

बिस्किटं केव्हाच संपली.
डब्यात आता माझे सुईदोरे, चार सुटी बटणं,
आणि आचऱ्याची आमसुलं, कागदात घट्ट बांधलेली,
तरी वास लागलाच दोऱ्यांना.
झाकणावर ती.
हिरवा झगा, पांढरी टोपी, काखेत लाल छत्री,
गोल गोरा तोंडवळा
आणि त्या तोंडवळ्यात तोंडच नाही.

मला वाटलं, माझ्याच घासण्याने गेलं.
दोन महिने मॅडमना बोलले नाही.

मग एनोराने पणजीचं पुस्तक काढलं, शिवण उसवलेलं,
तर पानापानावर हीच.
हिच्या हातून सूप सांडतं, ही भलत्याच गाडीत बसते,
धन्याची टोपी चुकून इस्त्रीखाली घालते.
सगळी हसतात.
ही नाही. कशाने हसणार?

कुरुममधल्या दुपारी. बाहेर डोंगर तापून पांढरे,
एसीचं पाणी बादलीत टिपटिप.
मला फ्रेंच येत नाही, पोरीला वाचता येत नाही,
म्हणजे दोघी सारख्याच.
मी चित्रं बघून मराठीत सांगत जाते.
माझ्या गोष्टीत सूप सांडत नाही.
कधी कधी मुद्दाम सांडते.

सोआझिग मॅडम एकदा कॉफी घेऊन आमच्याजवळ फरशीवरच बसल्या.
म्हणाल्या, शंभर वर्षं उलटली हिला.
हिचं नाव एका पाणपक्ष्याचं, चिखलात चोच खुपसणारा,
आणि त्यांच्याकडे त्याच नावाचा अर्थ मठ्ठ.
आमच्यात घुबड म्हणतात तसं, मी म्हटलं.
घुबड, घुबड, त्यांनी पाठ केलं.

त्यांचाही मुलूख समुद्राकाठचा, मासळीचा, वाऱ्याचा.
तिथल्या पोरी चौदाव्या वर्षी पॅरिसला भांडी घासायला.
मॅडमची पणजी त्यातलीच एक.
बोली निराळी. शहराला ती कळेना,
मग शहराने ठरवलं की ह्यांना बोलताच येत नाही.
मुलखातले काहीजण चिडले, हिचा मेणाचा पुतळा होता
तो जाऊन फोडला.
आणि आता त्याच मुलखातल्या दुकानांत
ही टॉवेलवर, कपावर, फ्रिजच्या चुंबकावर,
मिठाच्या लोण्याच्या बिस्किटांवर.
"मला हिचा राग येतो," मॅडम म्हणाल्या,
"आणि हिला बघून घरची आठवणही येते."
उठल्या, कप सिंकमध्ये ठेवून गेल्या.
मी तो धुतला.

कार्डाची मुदत संपली तेव्हा रुवीला फोटोला गेले.
दुकानातला पोरगा म्हणाला, तोंड बंद, दात नको.
परत म्हणाला. तिसऱ्यांदा जमलं.
कार्डावर आले मी, नाव दोन जागी चुकलेलं,
धंदा घरकाम,
ओठ असे आवळलेले की एनोरा ओरडली,
"बागी, तूपण!"

बागी.
भागीरथीतलं तिच्या जिभेवर एवढंच टिकलं.
बागी म्हणजे काय ते तिला कुणी सांगितलेलं नाही.
मीही नाही.

शुक्रवारी तिने विचारलंच, हिला तोंड का नाही?
आहे की, मी म्हटलं,
पण ही बोलते ती भाषा
चित्र काढणाऱ्याला येत नव्हती.
पोर बराच वेळ डब्याकडे बघत बसली.
मग लाल खडू घेऊन आली.
पत्र्यावर खडू धरेना. घसरला, तुटला,
टोपीवर एक ओरखडा तेवढा राहिला.

रात्री घरी फोन लावला.
दीर म्हणे, कौलं अजून चढली नाहीत.
मी म्हटलं, मगे माझे पैशे खंय गेले?
दोन वर्षांचं सगळं काढलं, वहाळाकडच्या माडांपासून
लेकीच्या क्लासच्या फीपर्यंत,
मध्येच लेक हसायला लागली, मग मीही.
फोन ठेवला तर मॅडम दारात, अनवाणी.
"तुमचा आवाज असा आहे?"

हा शुक्रवारचा, मी म्हटलं,
आणि डब्याचं झाकण दाबून बसवलं.